डबल येलो

ह्यांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी ह्यांना भरवत होते. वरणभात, वर लिंबू. घास तोंडात गेला की हे डोळे मिटून चावायचे आणि तो गिळायच्या आतच पुढच्या घासासाठी तोंड उघडायचे. समोरच्या खुर्चीत बऱ्हाटेभाऊ बसले होते. ते युनियनचे सेक्रेटरी. आमच्या रेल्वे कॉलनीत कोणाची बदली असो की कोणाच्या घरचं गळकं छप्पर असो, सगळे त्यांच्याकडेच जायचे.

"वहिनी, तुम्हाला फार काही बोलायचं नाहीये," ते म्हणाले. "चौकशीत विचारतील, तेव्हा एवढंच सांगायचं की मी फोन केला होता."

"मी? कोणाला?"

"साहेबांना." त्यांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "त्या दिवशी सकाळी. मुलीला फिट आली, तुम्ही घाबरलात आणि फोन लावला."

"ऋचाला फिट येत नाही."

"ते आम्हाला माहीत आहे हो." ते हसले. "पण त्या चौकशीवाल्यांना कुठे माहीत आहे? आणि व्हॉट्सॲपवर कॉल केला म्हणायचं. साध्या कॉलची नोंद निघते, तिथं भानगड होईल. पाचपोळ साहेबांच्या फोनवर त्या वेळी नेट चालू होतं, एवढंच त्यांच्या हाती लागलंय. फोनचा तर चुराच झालाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चावत होते.

"मीठ कमी आहे," हे म्हणाले.

हे लोको पायलट होते. वडाळी जंक्शनवरून मालगाड्या घेऊन जायचे. अपघाताला तेव्हा चार दिवस झाले होते. रिकाम्या वाघिणींची गाडी घेऊन हे सकाळी निघाले, आणि धामणखेड नावाच्या लहानशा स्टेशनाबाहेर लाल सिग्नल ओलांडून पुढे गेले. पुढे त्याच रुळावर खडी टाकणारी गाडी उभी होती. तिच्यावरचे मजूर नेमके चहाला खाली उतरले होते म्हणून वाचले. इंजिनाची डावी बाजू चेपली गेली. त्या बाजूला ह्यांचा सहायक नितेश उंबरकर होता. तो जागीच गेला. हे उजव्या दारातून बाहेर फेकले गेले, असं ह्यांनीच सांगितलं होतं.

"पण नेट कशाला चालू होतं?" मी विचारलं. दवाखान्यातही मी हे एकदा विचारलं होतं.

"सांगितलं ना तुला. ऑफिसचा एक मेसेज आला होता, बघितला आणि ठेवला. दोन सेकंद." ह्यांनी तोंड उघडलं. मी घास दिला. "आता ते दोन सेकंद कोणाला पटणार? फोन हातात घेतला म्हणजे नोकरी गेलीच. पोरगी आजारी आहे म्हटल्यावर माणसाला दया येते."

"बाप आहे शेवटी," बऱ्हाटेभाऊ म्हणाले. "कोणीही फोन घेईल. तुम्ही विचार करा, वहिनी. घाई नाही. सोमवारी आहे तुमची साक्ष."

ते गेल्यावर मी ह्यांचं तोंड पुसलं, ताट उचललं. खोटं बोलायची भीती वाटत होती, हे खरं. पण मी नाही म्हणाले नव्हते. नवऱ्याचा हात मोडलाय, डोक्यावर सरकारी घर, मुलगी सातवीत. दोन सेकंदांसाठी एवढं सगळं जाणार असेल तर एक वाक्य बोलायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला समजावत होते.

संध्याकाळी ऋचा शाळेतून आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

"आई, मला फिट येते?"

"कोण म्हणालं?"

"कोलत्यांची सायली. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी आमच्या बाबांना सांगितलंय. तिनं मला वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, फिट आली की तोंडातून फेस येतो का."

बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. "काही दिवस हो म्हण गं तिला. काय बिघडतं?"

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी नितेशची आई आली. बरोबर तिचा भाऊ होता. रिसोडकडच्या एका खेड्यातून दोन एसट्या बदलून आले होते. नितेशला मी चांगली ओळखत होते. लग्न व्हायचं होतं त्याचं, मेसच्या जेवणाला कंटाळला की आमच्याकडे यायचा. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, पण एकदा का सिग्नलचं नाव घेतलं की आवाज चढायचा. इंजिनात दोघं असतात ना, तर समोर दिसणारा प्रत्येक सिग्नल सहायकानं मोठ्यानं ओरडून सांगायचा आणि पायलटनं तसाच परत म्हणायचा, असा नियमच आहे. म्हणजे दोघांचं लक्ष आहे हे दोघांनाही कळतं. नितेशला त्या ओरडण्याची इतकी सवय लागली होती की ऋचा त्याला बघितलं की मुद्दाम "ग्रीन!" म्हणून ओरडायची आणि तो ताटावरून मान वर न करता "ग्रीन!" म्हणायचा.

एकदा जेवताना ह्यांनी त्याची फार टर उडवली होती. त्यानं म्हणे कुठेतरी ह्यांना न विचारता ब्रेक लावला होता. "हा आला मला गाडी थांबवायला शिकवणारा," हे म्हणाले. "परत माझ्या गाडीत हात लावलास तर बघ." तो नुसता हसला होता, आणि भात न घेताच उठला होता.

त्याची आई ह्यांच्या कॉटपाशी खाली बसली. मी खुर्ची दिली, ती नको म्हणाली.

"शेवटचे तुमीच होते त्याच्यापाशी," ती ह्यांना म्हणाली. "म्हणून आली मी. काही बोलला का तो?"

ह्यांनी मान खाली घातली.

"काय सांगू, काकू. झोप लागली होती त्याला."

"झोप?"

"रात्री मेसमध्ये जागरण झालं असेल पोरांचं. मी दोनदा हाक मारली. सिग्नल बघायचं काम त्याचं, मी आपला त्याच्या भरवशावर. आवाज आला नाही म्हणून वळून बघतो तर मान टाकलेली. तेवढ्यात…" ह्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. हे मला नवीन होतं. पण ऐकताना वाटलं, दवाखान्यात बोलवलं नसेल ह्यांच्याच्यानं. मेलेल्या पोराची चूक कोण आधी सांगेल?

नितेशच्या आईनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. मग तिनं हात पुढे केला आणि ह्यांच्या प्लास्टरवर अगदी अलगद ठेवला.

"माह्या पोरामुळं तुमचा हात मोडला, साहेब," ती म्हणाली. "मोठ्या मनानं माफ करा त्याले."

"असू द्या, काकू," हे म्हणाले. "होतं असं. माझ्या मनात काही नाही."

तिच्या भावानं चहा घेतला. तिनं घेतला नाही. जाताना दारात माझा हात धरून म्हणाली, "तुमच्याकडं जेवाले यायचा ना तो. सांगे मले फोनवर. पाचपोळ काकूंच्या हातची कढी म्हणे." मी तिला फाटकापर्यंत सोडून आले. परत आले तर हे म्हणाले, "कढीवरून आठवलं, करशील का उद्या?"

कढी मी केली नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या कोलतेवहिनीच वाटीत घेऊन आल्या. कॉलनीतल्या बायका त्या आठवड्यात रोज काही ना काही आणत होत्या. कोणी उपमा, कोणी खीर. मला भरून यायचं. हे झोपले होते, म्हणून आम्ही मागच्या ओट्यावर बसलो.

"भाऊजी आता बरे आहेत ना?" वहिनी म्हणाल्या. "बाई गं, माणसाचं कसं असतं बघा. त्या दिवशी किती खुशीत होते हो! आवाज ऐकून आम्ही दोघं पोट धरून हसलो. आणि लगेच पुढे हे असं."

"कोणत्या दिवशी?"

"त्याच दिवशी. सकाळी."

"ह्यांचा आवाज तुम्ही कुठे ऐकला?"

वहिनींच्या तोंडावरचा रंग उतरला. त्या वाटीवरची ताटली नीट करायला लागल्या.

"वहिनी, ह्यांचा आवाज तुम्ही कुठे ऐकला?"

"पुरुषांचा ग्रुप आहे ना तो, गणपतीचा," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. सगळ्या कॉलनीला माहीत आहे."

मग एकेक करून सांगत गेल्या. त्या वर्षी गणेश मंडळाचा अध्यक्ष कोणाला करायचं यावरून दोन तट पडले होते. एकीकडे सिग्नल खात्यातले सरोदे, दुसरीकडे हे. त्या दिवशी सकाळी ग्रुपवर भांडण पेटलं. ह्यांनी आधी लिहिलं होतं, ड्यूटीवर आहे, संध्याकाळी बोलू. त्यावर बऱ्हाटेभाऊंनी लिहिलं, संध्याकाळपर्यंत सरोदे अध्यक्ष होऊन बसतील, बोलायचं तर आत्ता बोला. मग हे बोलायला लागले. लिहायला वेळ लागतो म्हणून आवाजाचेच मेसेज टाकत होते. एकामागून एक. वीसेक माणसं त्यावर हसण्याची चित्रं टाकत होती, अजून होऊ द्या साहेब, म्हणत होती.

"आणि सगळ्यांना माहीत होतं, की हे गाडी चालवताहेत?"

वहिनी म्हणाल्या, "मालगाडी होती ना पण."

वाटी मी बाजूला सरकवली.

"अपघाताचं कळल्यावर बऱ्हाटेभाऊंनी सगळ्यांना ग्रुप पुसून टाकायला लावला," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनीपण पुसला. म्हणाले, उद्या आपल्यालाही बोलावतील, तुम्ही का बोलत होता त्यांच्याशी म्हणून."

"मग सगळं गेलं?"

त्यांनी हातातला फोन मुठीत घट्ट धरला. तेवढ्यावरून मला कळलं.

"वहिनी, लावा."

"नको हो."

"मी तुमच्या पाया पडते. लावा."

त्यांच्या नवऱ्यानं त्यातला एक मेसेज, फार विनोदी आहे म्हणून, सकाळीच वहिनींना पाठवला होता. तो त्यांच्या फोनमध्ये राहिला होता. त्यांनी बोट ठेवलं आणि फोन माझ्या हातात देऊन तोंड फिरवलं.

आधी इंजिनाची घरघर. मग ह्यांचा आवाज, अगदी रंगात आलेला. सरोद्यांच्या नाकातून बोलण्याची नक्कल. "अरे, सुखकर्ता म्हणताना ज्याला पुढची ओळ आठवत नाही, तो आमचा अध्यक्ष? त्याच्यापेक्षा मग मंडपच नका घालू. मूर्ती ठेवा सरोद्याच्या ओसरीत…"

आणि मागून, लांबून पण स्वच्छ, नितेश ओरडला, "डबल येलो, साहेब!"

दोन पिवळे दिवे म्हणजे पुढे थांबावं लागणार आहे, आत्तापासून वेग कमी करा. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ह्यांनीच मला शिकवलं होतं. परीक्षेचा अभ्यास करताना मी दिवे म्हणायचे आणि हे अर्थ सांगायचे.

ह्यांनी ते परत म्हटलं नाही. ह्यांचा सरोद्यांच्या बायकोवर काहीतरी विनोद चालला होता.

"साहेब, डबल येलो!" नितेश परत ओरडला. या वेळी जवळून.

"थांब रे," हे म्हणाले. "बोलतोय ना मी."

पुन्हा सरोदे, पुन्हा नाकातला आवाज, पुन्हा हसणं, आणि मेसेज संपला.

मी तो परत लावला. मग वहिनींच्याच फोनवरून स्वतःला पाठवला. त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, असं करू नका. आमचं नाव येईल. माझी पोरगी इथेच शाळेत जाते."

"माझी पण," मी म्हणाले.

त्यांनी हात सोडला. जाताना कढीची वाटी परत घेऊन गेल्या.

मी आत आले. हे जागे झाले होते, उशीला टेकून बसले होते. "भूक लागली," म्हणाले. मी भात कालवला, समोर बसले, घास उचलला. ह्यांनी तोंड उघडलं. आत कालच्या पानाचा लाल रंग, जाड जीभ, पुढे आलेला खालचा ओठ. सोळा वर्षं मी ते तोंड बघत होते. माझा हात हवेतच राहिला.

"काय झालं?"

मी घास ताटात टाकला, फोन कॉटवर ठेवला आणि लावला. हे ऐकत होते. नितेशच्या आवाजाला ह्यांनी चेहरा वळवला नाही की काही नाही. ह्यांचं लक्ष दाराकडे होतं, कोणी ऐकतंय का म्हणून.

"कोणी दिलं तुला हे? कोलतेनं?"

"तो झोपला होता म्हणालात तुम्ही. त्याच्या आईला सांगितलंत. तिनं तुमची माफी मागितली."

"मग काय सांगू तिला? की माझ्यामुळे मेला?" ह्यांचा आवाज चढला. "मी काय मुद्दाम केलं? एवढी वर्षं गाड्या चालवल्या, एक ओरखडा नाही कुठे. एक दिवस, एकच दिवस लक्ष इकडचं तिकडे झालं. सगळे बोलतात फोनवर. माझंच नशीब फुटकं."

"तो ओरडत होता."

"सारखाच ओरडायचा तो. सवय होती त्याची. आणि एवढं होतं तर ब्रेक लावायचा ना वेळेत."

"तुम्हीच हात लावू नको म्हणाला होतात त्याला. इथे बसून. माझ्यासमोर."

ह्यांनी आवाज एकदम मऊ केला. तो आवाज मला माहीत होता. माहेराहून काही आणायचं असलं की तो निघायचा. "ललिता, ऐक. तो गेला. आता तो झोपला होता म्हटलं काय आणि जागा होता म्हटलं काय, त्याला काय फरक पडतो? मी जिवंत आहे. ऋचा आहे. तू सोमवारी एक वाक्य बोललीस की आपण सुटतो."

"उष्टं हाताला लागलंय माझ्या," मी म्हणाले. "तुझं."

ह्यांना मी आयुष्यात कधी एकेरी हाक मारली नव्हती. ह्यांनी डोळे मोठे केले. मी उठून मोरीत गेले आणि हात साबणानं धुतले, मग भांड्यांच्या पावडरीनं धुतले. तरी वास जाईना.

सोमवारपर्यंत बऱ्हाटेभाऊ तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा समजावलं. दुसऱ्यांदा घर खाली करावं लागेल म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "वहिनी, कॉलनी एका कुटुंबासारखी आहे. वीस जणांना तुम्ही अडचणीत आणताय. त्यांचीही बायकामुलं आहेत." मी विचारलं, "तुम्हीच ना हो लिहिलं होतं, आत्ताच बोला म्हणून?" त्यांनी चपला घातल्या.

बायकांचे डबे बंद झाले. नळावर मी गेले की बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. ह्यांना जेवायला घालायला कोलते यायचे. मांडीवर ताट घेऊन ते ह्यांना भरवायचे आणि दोघं हळू आवाजात बोलायचे.

चौकशी मोठ्या ऑफिसच्या मागच्या एका खोलीत होती. तीन अधिकारी टेबलामागे बसलेले. मधले वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी मला पाणी दिलं. हे भिंतीशी खुर्चीत होते, शेजारी बऱ्हाटेभाऊ.

"पाचपोळ बाई, तुमच्या यजमानांचं म्हणणं आहे की अपघाताच्या आधी तुम्ही त्यांना फोन केला. मुलीची तब्येत बिघडली म्हणून. बरोबर?"

"नाही."

"फोन केला नाही?"

"नाही. माझ्या मुलीला फिट येत नाही. आत्तापर्यंत तिला कधी साधी चक्करसुद्धा आली नाही."

बऱ्हाटेभाऊ म्हणाले, "बाईंच्या मनावर परिणाम झालाय, साहेब. धक्का आहे."

मी पर्समधून फोन काढला आणि टेबलावर ठेवला.

खोलीत इंजिनाची घरघर भरली. सरोद्यांची नक्कल चालू झाली तेव्हा धाकट्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर चुकून हसू आलं. नितेशच्या पहिल्या हाकेला ते गेलं. "थांब रे, बोलतोय ना मी," हे ऐकल्यावर मधल्या साहेबांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे प्लास्टरच्या कडेचा कापूस दुसऱ्या हातानं उपटत होते.

"त्याच्या बाजूचा ब्रेक ओढलेला सापडला आम्हाला," साहेब म्हणाले. ते मला सांगत होते की ह्यांना, कळत नव्हतं. "पूर्ण खाली. झोपलेला माणूस ब्रेक ओढत नाही, एवढं आम्हालाही कळत होतं. आणि पायलटच्या बाजूचं दार आतून उघडलेलं होतं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तो ब्रेक धरून उभा राहिला, आणि ह्यांनी उडी मारली."

हे नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. कापूस उपटत राहिले. त्या वेळी मला राग आला असता तर बरं वाटलं असतं. राग आला नाही. जेवणात मेलेलं झुरळ निघाल्यावर जसं होतं, तसं झालं.

मी सही करून बाहेर आले. व्हरांड्यात बाकावर नितेशची आई बसली होती. घरचं माणूस म्हणून तिलाही त्याच दिवशी बोलावलं होतं. भाऊ कुठे तरी झेरॉक्स काढायला गेला होता. मला बघून ती उभी राहायला लागली. मी तिला बसवलं, शेजारी बसले.

"काकू, तो झोपला नव्हता," मी म्हणाले. "आमच्या ह्यांनी खोटं सांगितलं तुम्हाला."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी फोन तिच्या कानाशी धरला.

ती ऐकत होती. ह्यांच्या बोलण्यातलं तिला काही कळलं नसावं, कपाळाला आठी होती. मग नितेशचा आवाज आला आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाकेला ओठ हलले तिचे. मेसेज संपल्यावरही तिनं मनगट सोडलं नाही.

"आणखी एकदा लाव."

मी लावला. तिसऱ्यांदा पण लावला. चौथ्यांदा लावायला गेले तर तिनं नको म्हणून मान हलवली.

"एवढ्या जोरानं बोंबलला," ती म्हणाली. "एवढ्या जोरानं. लहानपणी शेताच्या त्या टोकाहून हाक मारे तर घरात ऐकू ये." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कायचा मंडप म्हणतात ते?"

"गणपतीचा. कॉलनीच्या. अध्यक्ष कोणी व्हायचं त्यावरून भांडण चाललं होतं."

"अध्यक्ष."

"हो."

"मंग कोण झालं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. इतकं झालंय तर निदान काही ठरलं असेल, तेवढं जाणून घ्यायचं होतं तिला.

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट सोडलं. तिच्या बोटांचे वळ उठले होते. मग ती उठली, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली आणि भाऊ येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून राहिली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

त्याच आठवड्यात मी ऋचाला घेऊन अकोल्याला भावाकडे गेले. तिचं नाव तिथल्या शाळेत घातलं. निकाल यायला बराच काळ लागला. नितेशचं नाव स्वच्छ झालं, तसं लेखी पत्र त्याच्या आईला गेलं. ह्यांची नोकरी गेली. ग्रुपमधल्या कोणालाच काही झालं नाही, कारण फोनवर बोललेल्याला शिक्षा होती, बोलायला लावणाऱ्याला नव्हती. आज हे कुठे असतात ते मला ऋचाकडून कधीमधी कळतं. मी विचारत नाही.

पण निकालाच्या आधी गणपती आले. भावाच्या घरी सकाळी मूर्ती बसली, मोदक झाले, मुलं नवे कपडे घालून फिरत होती. दुपारी कोलतेवहिनींनी मला एक फोटो पाठवला.

मंडप नेहमीपेक्षा मोठा होता. मधोमध हे उभे होते, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला, त्यावर झेंडूचा हार. बाजूला बऱ्हाटेभाऊ, कोलते, आणि चक्क सरोदेही. सगळ्यांनी सारख्या टोप्या घातल्या होत्या. मागच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत अध्यक्ष म्हणून ह्यांचं नाव. खाली कोपऱ्यात नितेशचा लहान फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली श्रद्धांजली वाहणारे म्हणून कमिटीतल्या वीसही जणांची नावं.

वहिनींनी लिहिलं होतं, "बिनविरोध झालं. सरोद्यांनीच नाव सुचवलं. सगळ्यांना वाटलं, एवढ्या दुःखातून गेलेत भाऊजी, तेवढाच आधार. झालं गेलं विसरा आता. एक दिवस तरी या, अध्यक्षांनी आरती जोडीनं करायची असते."

मी फोन पालथा ठेवला आणि मोरीत गेले. नैवेद्य अजून व्हायचा होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. तरी बराच वेळ ओकत राहिले.